कन्नड भावगीत : कविता, चाल आणि गळा

बेंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तामिळनाडूची सीमा तेथून दूर नाही. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा अनेक भाषांच्या गर्दीत कन्नडला तेथे रोजच्या व्यवहारात ‘अनेकांतील एक’ एवढेच स्थान उरते. बेंगळूरच्या अशा वसाहतींत १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, लाल-पिवळ्या ध्वजांखाली ध्वनिक्षेपक लागतात, तेव्हा मात्र चित्रपटगीतांच्या बरोबरीने कुवेंपू व निसार अहमद यांच्या कविताही ऐकू येतात. कवितेला एवढा श्रोतृवर्ग लाभणे हे भाग्यच होय. परंतु ती तेथे कविता म्हणून ऐकली जाते, की ध्वजाप्रमाणे फडकविली जाते, हा प्रश्न टीकाकाराला टाळता येत नाही.

प्रादेशिक भाषेच्या गीताला मोठ्या शहरात अशी अस्मितेची भूमिका घ्यावी लागते, याचे ठळक उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथील सुशिक्षित तरुण एके काळी इंग्रजी व मँडरिन गाणीच प्रतिष्ठेची मानीत. १९७४ च्या सुमारास दूरचित्रवाणी मालिकांची शीर्षकगीते आणि सॅम हुई यांची गाणी यांनी बोलीतल्या कँटनीला मान मिळवून दिला. १९७९ मध्ये रोमन टॅम यांनी गायिलेले, जोसेफ कू यांच्या चालीचे आणि जेम्स वाँग यांच्या शब्दांचे ‘सिंहशिलेच्या पायथ्याशी’ हे मालिकागीत तर पुढे त्या शहराचेच गीत होऊन बसले. कँटनी भाषेत शब्दाचा अर्थ उच्चाराच्या स्वरपातळीवर ठरतो. अशा सहा पातळ्या मानल्या जातात. सामान्यतः चाल आधी तयार होते, आणि तिच्या चढउतारांशी जुळतील असेच शब्द गीतकाराला शोधावे लागतात. चाल परकी असली तरी बिघडत नाही. लेस्ली चेउंग यांचे १९८४ चे ‘मोनिका’ हे गाजलेले गाणे जपानी चालीवरच रचलेले आहे. स्वर चुकला की शब्दच बदलतो, म्हणून भाषाच तेथे चालीवर पहारा ठेवते.

मराठीला आणि कन्नडला असा पहारेकरी नाही. येथे कविता आधी, चाल मागाहून. आणि चाल कितीही भरकटली तरी शब्दाचा कोशगत अर्थ शाबूत राहतो. त्यामुळे अर्थाचे जे नुकसान होते ते ध्यानात येत नाही. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गो. ना. जोशी यांनी गायिली तेव्हापासून मराठी भावगीताला हा धोका परिचित आहे. कन्नडमध्ये तो अधिक, कारण तेथे ‘भावगीते’ हे मूळचे काव्यप्रकाराचे नाव. गायनाला ते पुढे लागले. गायक तेथे आयत्या गीताला नव्हे, तर आधीच प्रतिष्ठा पावलेल्या कवितेला हात घालतो.

या परंपरेचे आद्य गायक पी. कालिंगराव (१९१४–१९८१). रंगभूमीवर घडलेला त्यांचा गळा शब्द सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवी, आणि उच्चाराची ही स्वच्छताच त्यांची खरी देणगी. मैसूर अनंतस्वामी (१९३६–१९९५) यांची वृत्ती वेगळी. निसार अहमद यांच्या कवितांची त्यांनी स्वरबद्ध केलेली ‘नित्योत्सव’ ही ध्वनिफीत १९७८ मध्ये निघाली आणि कन्नड कविता घराघरांत गेली. जी. पी. राजरत्नम् यांच्या ‘रत्नन पदगळु’मधील दारुड्या रत्नाची रांगडी बोलीही त्यांनी तितक्याच आपुलकीने गायिली. चाल कवितेच्या एक पाऊल मागे ठेवण्याची त्यांची रीत गजाननराव वाटव्यांच्या मराठी श्रोत्याला ओळखीची वाटावी.

सी. अश्वथ (१९३९–२००९) हे या तिघांत सर्वांत सामर्थ्यवान आणि सर्वांत वादग्रस्त. बेंगळूरच्या टेलिफोन कारखान्यात नोकरी करीत त्यांनी संगीत केले. कारखान्याच्या शहराचा हा गायक होता, असे म्हणण्यास हरकत नाही. शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) यांची पदे त्यांनी उचलली तेव्हा त्यांच्या आवाजातील पुकारा सार्थ झाला. शरीफांची कूटपदे आपल्या मुक्ताबाईच्या मुंगीची आणि नाथांच्या भारुडांची भावंडे आहेत. ती मुळात चारचौघांत, दणक्यात म्हणावयाचीच. शिवमोग्ग सुब्बण्णांनी अश्वथांच्याच चालींवर ती गायिली, आणि काही ठिकाणी अधिक समजून गायिली. पण के. एस. नरसिंहस्वामींच्या ‘मैसूर मल्लिगे’ (१९४२) मधील नवपरिणितांचे हळुवार संसारचित्र त्याच आवेशाने गावयाचे म्हणजे माजघरातील कुजबूज चव्हाट्यावर मांडण्यासारखे आहे. अश्वथांना हे अनेकदा उमगले, नेहमीच नाही. २००५ मध्ये बेंगळूरच्या राजवाडा मैदानावर त्यांनी केलेला ‘कन्नडवे सत्य’ हा कार्यक्रम अफाट गर्दीने ऐकला. भाषेसाठी तो सोहळा मोठा होता. काव्यासाठीही होता, असे म्हणवत नाही.

द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांच्याविषयी मराठी वाचकाला विशेष जिव्हाळा असणे साहजिक आहे. मातृभाषा मराठी, काव्य कन्नड, आणि ‘संवाद’सारखे मराठी लेखनही. त्यांच्या कवितेत नाद इतका मुरलेला आहे की वेगळी चाल तिच्यावर बहुधा दुसऱ्या थरासारखी बसते. धारवाडी बोलीचे हेलकावे गायकाने ऐकले नाहीत तर बेंद्रे गोड होतात, बेंद्रे राहत नाहीत.

कवितेवर चालीची सत्ता कोठवर जाते, हे राज्यगीताच्या वादात दिसले. कुवेंपूंची भारतजननीच्या कन्येला उद्देशून केलेली कविता २००४ मध्ये कर्नाटकाचे राज्यगीत झाली. चाल अनंतस्वामींची की अश्वथांची, हा तंटा पुढे अनेक वर्षे चालला. २०२२ मध्ये शासनाने अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी निश्चित केला. तरी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. महाराष्ट्रातही राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारताना त्याची दोनच कडवी राहिली. पण बढ्यांचे गीत गाण्यासाठीच जन्मले होते. कुवेंपूंच्या कवितेत ऋषी, आचार्य, कवी व राजवंश यांची नावे एकापाठोपाठ येतात. तो एका प्रदेशाच्या स्मृतीचा संथ प्रवाह आहे. अडीच मिनिटांत तो उरकताना ती नावे कानावरून जातात, आणि राज्योत्सवाच्या व्यासपीठासमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या मुलाला त्यांतील पंप कोण आणि रन्न कोण, हे विचारण्याइतकाही विराम मिळत नाही.