चौकटीबाहेर राहिलेले अंगण

काही वर्षांपूर्वी लोकजीवन या विषयावरच्या एका छायाचित्र प्रदर्शनासाठी आम्ही तीन छायाचित्रे पाठवली होती. एकात बारामतीच्या मंडईजवळ पानांवर ओले फडके टाकणाऱ्या तांबोळ्याचे फक्त हात होते. दुसऱ्यात शिकलगाराचे फिरते चाक आणि त्यावरून उडणाऱ्या ठिणग्या होत्या. तिसरे आमच्याच घरातले. नमाजासाठी वजू करून उठलेल्या आजीने हौदाच्या काठावर ठेवलेला तांब्या आणि त्याच्याभोवती ओल्या फरशीवर पडलेला सकाळचा उजेड. तिन्ही परत आली. निवड करणारे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "चित्रे बरी आहेत, पण यात मुस्लिम जीवन कुठे आहे? ईदची नमाज, उरूस, असे काही नाही का तुमच्याकडे?"

त्या वेळी आम्हाला राग आला. पुढे विचार केला तेव्हा वाटले, दोष एकट्या त्या गृहस्थांचा नाही. आमच्याच वार्षिकांची आणि संमेलनांच्या स्मरणिकांची मुखपृष्ठे काढून पाहावीत. मिनार, घुमट, चंद्रकोर, फार तर बुरख्याआडचे दोन डोळे! 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण सांगत आलो आहोत की आमचे जगणे या मातीतले आहे, आमची भाषा मराठी आहे. लेखणीने आपण हे सांगितले. चित्राने मात्र सांगितले नाही. शब्दात आपण अंगणात उभे असतो आणि मुखपृष्ठावर थेट घुमटावर जाऊन बसतो. ही विसंगती तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही आमचाच मुलूख, बारामती आणि इंदापूर, समोर ठेवतो.

या दोन तालुक्यांची छायाचित्रे कमी नाहीत. उलट भरपूर आहेत, पण ती ठरलेल्या तीन-चार जागांची आहेत. एक भिगवण. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी इथवर पसरते आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. दुसरे पळसदेव. पाणी ओसरले की बुडालेल्या गावाचे जुने देऊळ वर येते आणि कॅमेरे तिकडे धावतात. तिसरी तुकोबांची पालखी. काटेवाडीत परीट समाज धोतराच्या पायघड्या घालतो, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात आणि पुढे बेलवडीला अश्वाचे गोल रिंगण होते.

हे सारे सुंदर आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पाहण्याच्या सवयीबद्दल. रोहित पक्ष्यांच्या चित्रात होडी चालवणाऱ्या मच्छीमाराचा चेहरा क्वचितच असतो. छायाचित्रकार त्याच्याच होडीत बसलेला असतो, पण चौकट आखताना त्यालाच बाहेर ठेवतो. पळसदेवचे देऊळ दिसते. ज्यांची घरे आणि शेते त्याच पाण्याखाली गेली ती माणसे दिसत नाहीत. संदेश भंडारे यांची वारीची आणि तमाशाची छायाचित्रे आम्हाला वेगळी वाटतात ती यामुळेच. ते सोहळ्याइतकेच सोहळ्यामागच्या माणसाकडे बघतात. तमाशातल्या कलावंताचा बोर्डावरचा क्षण जेवढा महत्त्वाचा, तेवढाच राहुटीतला. ही नजर आपल्याकडे विरळा आहे.

मग प्रश्न येतो, रोजच्या गोष्टीत चित्र सापडते कसे? याचे एक उत्तर छायाचित्रणाच्या जन्मातच आहे. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने 1844 साली 'द ओपन डोअर' हे छायाचित्र घेतले. त्यात काय आहे? अर्धवट उघडे दार, दाराला टेकवलेला खराटा, बाजूला लटकलेला कंदील. बस्स. 'द पेन्सिल ऑफ नेचर' या आपल्या पुस्तकात त्याने हे चित्र छापले आणि असल्या साध्या विषयाच्या समर्थनासाठी डच चित्रकारांचा दाखला दिला. त्या चित्रकारांनी स्वयंपाकघर, खिडकी, दूध ओतणारी बाई यांना चित्राचा मान दिला होता. म्हणजे नव्या यंत्राने पहिल्या काही वर्षांतच जुन्या कलेकडून एक धडा घेतला. विषय मोठा असावा लागत नाही. उजेड कुठून येतो आणि कशावर थांबतो, हे मात्र कळावे लागते.

उजेडाची ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटू नये. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात प्रकाशावर 'किताब अल-मनाझिर' लिहिले. लहान छिद्रातून अंधाऱ्या जागेत येणाऱ्या प्रकाशाचे आणि ग्रहणाच्या प्रतिमेचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. कॅमेऱ्याचे मूळ त्या अंधाऱ्या खोलीत आहे. आपण खोलीला कमरा म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि कॅमेरा हा त्याच्याच कुळातला. पत्र्याच्या घरात दुपारी झोपलेल्या कोणत्याही मुलाने छपराच्या भोकातून आलेला कवडसा भिंतीवर सरकताना पाहिलेला असतो. तो कवडसा हा छायाचित्रणाचा पहिला पाठ आहे.

"पण तसवीर?" असे आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले होते. प्रश्न टाळण्यासारखा नाही. उलेमांत याबाबत मतभेद झाले आहेत. काहींनी छायाचित्र तसवीर मानून नाकारले. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे मत मांडले: छायाचित्रात माणूस नवी आकृती घडवत नाही, पडलेली सावली धरून ठेवतो. हज, पासपोर्ट, रेशनकार्ड यांच्यामुळे व्यवहारात हा वाद बराच मागे पडला. तरीही ज्याच्या मनात संकोच आहे त्याच्या संकोचाचा मान राखावा, असे आम्हाला वाटते. आणि गंमत अशी की, चेहरा न घेताही आपले जगणे किती दाखवता येते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याजवळच आहे.

ते उदाहरण म्हणजे नसरीन मोहमदी. 1937 साली कराचीत जन्म, लंडन आणि पॅरिसमध्ये कलाशिक्षण, मुंबईतील काही वर्षे, 1972 पासून बडोद्याच्या कला महाविद्यालयात अध्यापन आणि 1990 साली अलिबागजवळच्या किहीमला मृत्यू. त्यांची ओळख आहे ती काळ्या शाईच्या सूक्ष्म रेषांच्या चित्रांमुळे. पण आयुष्यभर त्या छायाचित्रेही घेत होत्या. त्यांच्या कुटुंबाचा बहारीनमध्ये छायाचित्रण साहित्याचा व्यवसाय होता, त्यामुळे कॅमेरा घरातलाच. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांच्यामागे ती जगासमोर आली आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरने आपले दार उघडले तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत नसरीन यांच्या कामाचा समावेश होता.

या छायाचित्रांत काय आहे? मागावर ताणलेला ताणा. ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या पाण्याच्या रेघा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे. फत्तेपूर सिक्रीला जाऊन त्यांनी इमारतीच्या थाटापेक्षा दगडी फरशीच्या, कडांच्या आणि सावल्यांच्या रेषांकडे पाहिले. एका मुस्लिम स्त्रीने मुघल वास्तूकडे असे पाहावे, ही आम्हाला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. तिला ओळखपत्रासारखा घुमट दाखवावा लागला नाही. हात आणि शरीर आजाराने साथ देईनासे झाले तरी तिची रेषा ढळली नाही. रोजच्या वस्तूतली शिस्त तिने पाहिली, ती कागदावर आणली आणि कागदावरची शिस्त घेऊन ती पुन्हा बाहेर पाहू लागली. परिसरातून कला आणि कलेतून परिसर, अशी ही ये-जा आहे.

तरी नसरीन यांचा मार्ग जसाच्या तसा उचलून आमचे काम भागणार नाही, हेही सांगायला हवे. त्यांच्या चित्रांत माणूस जवळजवळ नाही. आमच्या मुलखात मात्र प्रत्येक रेषेच्या टोकाला एक राबणारा हात आहे. ऊसतोड मजुराच्या पाचटाच्या कोपीत सकाळी जो उजेड झिरपतो तो देखणा असतो यात शंका नाही. पण ते देखणेपण टिपताना त्या कोपीत कडाक्याच्या थंडीत मूल झोपले आहे हे विसरले, तर ते चित्र खोटे ठरते. रेषा नसरीनकडून घ्यावी आणि माणूस वारीच्या, तमाशाच्या छायाचित्रांकडून, असे आम्ही म्हणू.

नजर पक्की कशी होते, याचे उत्तर खुद्द बारामतीत आहे. मोरोपंत इथेच राहिले. त्यांनी 108 रामायणे रचली असे सांगितले जाते. कथा तीच, पण प्रत्येक वेळी बंधन नवे. एका रामायणात तर ओठ मिटून उच्चारावे लागणारे वर्ण त्यांनी वर्ज्य केले. पांडित्याचा खेळ म्हणून याला अनेकांनी हसून सोडून दिले आहे. आम्हाला मात्र त्यात छायाचित्रकारासाठी एक रियाज दिसतो. नवी जागा शोधू नये; तीच जागा पुन्हा पाहावी. इंदापुरात चाँदशाहवलींचा दर्गा आणि मालोजीराजांची गढी आहे. सुप्यात शाहमन्सूरांचा दर्गा आहे. उरुसाच्या दिवशी तिथे सगळेच कॅमेरा नेतात. त्याऐवजी एखाद्या आडवारी जावे. झाडलोट चाललेली असते, कुणी म्हातारी पायरीवर टेकलेली असते, शेतावरून आलेला शेतकरी चप्पल काढून आत डोकावतो. त्याचे आडनाव काय असेल, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. आमच्या मते हेच त्या चित्राचे मोल आहे.

साहित्यात हे आपण केले आहे. हमीद दलवाई यांच्या विचारांशी कुणी सहमत असो वा नसो, त्यांच्या 'इंधन' कादंबरीतले कोकणी गाव जवळून पाहिलेले आहे, हे कोणीही मान्य करील. मणेराची बांगड्यांची माळ, बागवानाच्या ताडपत्रीखालची डाळिंबे, पिंजाऱ्याच्या धनुकलीभोवती उडणारा कापूस, मुलाण्याच्या घरातला कंदुरीचा हंडा यांचे वर्णन आपल्या कथांतून येते. यातले काही धंदे आता मोडकळीस आले आहेत. पिंजारी दारावर येणे तर जवळजवळ थांबलेच. उद्या नातवंडांनी विचारले तर दाखवायला आपल्याजवळ शब्द असतील, चित्र नसेल.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. अंगण आपले असले तरी त्यात वावरणारी बाई ही विषय नव्हे. आमच्या आजीने स्वतःचे छायाचित्र काढू दिले नाही. तांब्याचे काढायला मात्र हसून परवानगी दिली. तो नकार आम्ही मानला म्हणूनच ते चित्र झाले. आता आजी नाही. तो तांब्या आहे, हौद बुजवून तिथे मोरी झाली आहे. परत आलेल्या त्या छायाचित्रात ती कुठेच नाही, तरी घरातले प्रत्येक जण ते पाहून तिचेच नाव घेते.

या वार्षिकाच्या तरुण वाचकांपैकी प्रत्येकाच्या हातात आज मोबाईलचा कॅमेरा आहे. त्यांना आमची विनंती एवढीच, की पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी चित्र पाठवताना एकदा आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसून पाहावे. आणि संपादकांना विनंती, की असे चित्र आले तर त्यात मुस्लिम जीवन कुठे आहे, असे विचारू नये.