स्पीडअप आठपट, पण कशाच्या आठपट?

क्लस्टरवरचा कुठलाही पेपर किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा, एक आलेख हमखास भेटतो. खाली थ्रेडची संख्या, बाजूला स्पीडअप आणि वर चढत जाणारी रेघ. माझा आक्षेप त्या रेघेवर नाही. तिच्याखाली जे लिहायचं राहून जातं, त्यावर आहे.

पुण्याचंच उदाहरण घ्या. टाटांच्या सीआरएलमधला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या टॉप-500 यादीत जगात चौथा आला. तोही क्लस्टरच, 14,240 कोअरचा. कागदावरची क्षमता सुमारे 171 टेराफ्लॉप्स, लिनपॅक चाचणीत प्रत्यक्ष मिळाले 117.9. म्हणजे साधारण 69 टक्के. यात कमीपणा काहीच नाही. यादीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणूनच आपल्याला 'बाकीचे कुठे गेले?' असं विचारता येतं. आपल्या रिपोर्टमध्ये हा दुसरा आकडाच बहुतेक वेळा गायब असतो.

तो जातो कुठे, हे वडवणीकडच्या मुलांना ऊसतोडीवरून पटकन कळेल. एकाच फडात दहा कोयते असले की हाक मारून काम वाटून घेता येतं. थ्रेडचं तसंच, सगळ्यांची मेमरी एकच. पण दुसऱ्या गावच्या टोळीला काही विचारायचं तर फोन लावा, वाट बघा. नेटवर्कवरचं दुसरं मशीन म्हणजे तो दुसरा फड. तिथे एमपीआयसारखे संदेश पाठवावे लागतात आणि साध्या इथरनेटवर हा निरोप रॅममधून आकडा उचलण्यापेक्षा शेकडो पट हळू जातो.

शिवाय ट्रक एकच असेल तर कोयते दुप्पट करून ऊस दुप्पट जात नाही. अ‍ॅमडालने 1967 मध्ये मांडलेला मुद्दा हाच. प्रोग्रामचा 10 टक्के भाग एकामागून एकच चालणारा असेल, तर 20 मशीनवर स्पीडअप 6.9 च्या पुढे जात नाही. मशीन कितीही वाढवा, 10 ची मर्यादा ओलांडता येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत मात्र तुलनेत होते. समजा, साधा प्रोग्राम 100 सेकंद घेतो. त्याचंच समांतर रूप एका थ्रेडवर 160 घेतं, कारण लॉक आणि वाटपाचा भार. आठ थ्रेडवर तेच 20 सेकंदांत होतं. रिपोर्टमध्ये येतं 'आठपट'. खरं तर पाचपट. आकडे खोटे नाहीत, निष्कर्ष खोटा आहे.

म्हणून पेपर वाचताना आधी सेकंद शोधा, पट नंतर. आणि स्वतः लिहाल तेव्हा चांगल्यात चांगल्या साध्या प्रोग्रामची वेळ पहिल्या ओळीत द्या. त्यासाठी महासंगणक लागत नाही; कॉलेजच्या लॅबमधले चार पीसी आणि एक स्विच पुरतो. पाचपट आलं तर पाचपटच लिहा. परीक्षक त्याबद्दल प्रश्न विचारतील, तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल.