दख्खनचे दंगे: 'अन्याय' हा शब्द लिहिण्याआधी

१८७५ च्या दंग्यांवर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की एक वाक्य हमखास येतं: 'सावकारांच्या अन्यायाविरुद्ध शेतकरी पेटून उठले.' वाक्य खोटं नाही. पण यातला 'अन्याय' कोणत्या कसोटीवर ठरवला, हे तुम्ही लिहिता का? व्हायवामध्ये नेमका हाच प्रश्न येतो.

आधी घटना बघू. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात कालूराम नावाच्या मारवाडी सावकाराने १५० रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला आणि तो गावोगाव पसरला: दुकानातून खरेदी बंद, न्हावी बंद, परीट बंद. १२ मे १८७५ ला सुप्यात दंगा झाला. सुपे आज बारामती तालुक्यात येतं. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं, आजचं दौंडही त्याच भीमथडीतलं.

आता कसोटी. 'कायदा मोडला तो चुकला' म्हणाल, तर कालूराम सुटतो, कारण हुकूमनामा कोर्टाचाच होता. 'पाप केलं' म्हणाल, तर ज्याची श्रद्धा वेगळी आहे त्याला ते पडताळता येत नाही. म्हणून मी तीन साधे प्रश्न वापरतो. नुकसान कोणाचं झालं? ते करणाऱ्यापुढे दुसरा पर्याय होता का? आणि तोच नियम समोरच्याने आपल्याला लावला तर चालेल का?

सावकारी या कसोटीवर नापास होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं केली. हेतू हा, की व्याज साचत जाऊ नये. प्रत्यक्षात मुदत संपत आली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई, आणि वाचता न येणारा कुणबी त्यावर अंगठा देई. व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको, हा दामदुपटाचा जुना संकेत असा मोडला. दामदुपटाचं मूळ धर्मशास्त्रात आहे, मान्य. पण तो योग्य का, हे सांगायला धर्मशास्त्र उघडावं लागत नाही.

मग दंगेखोर? त्यांना रोखे आणि हुकूमनामे हवे होते. कागद मुकाट्याने दिले तिथे जमाव बहुधा पुढे गेला नाही. नाकारले तिथे मारहाण, जाळपोळ झाली. या संयमाचं कौतुक इतिहासलेखनात भरपूर आहे. ई. पी. थॉम्पसन यांची १९७१ ची 'नैतिक अर्थव्यवस्था' ही कल्पना इथे सहज बसते.

माझा आक्षेप इथे आहे. सरकारी कागदपत्रं हेही सांगतात, की जिथे ब्राह्मण आणि मारवाडी दोघेही सावकारी करत, तिथे बहुतेक वेळा मारवाड्यांनाच झळ बसली. चूक रोख्यात होती, तर ब्राह्मणाचा रोखा वेगळा कसा? आणि बहिष्कारात सावकाराच्या घरातली बायकापोरंही भरडली गेली, त्यांनी कुठला रोखा लिहून घेतला होता? शेतकऱ्याविषयी सहानुभूती वाटते म्हणून आपण हे प्रश्न तळटीपेत ढकलतो. उठाव का झाला हे समजावणं वेगळं आणि त्यातलं सगळं बरोबर ठरवणं वेगळं.

कोणी म्हणेल, ही नोंद सरकारनेच केलेली, तिच्यावर विश्वास का ठेवायचा? रास्त शंका आहे. १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेलेल्या आयोगाच्या अहवालात दोषाचा भार सावकारावर जास्त आणि सरकारी शेतसाऱ्यावर कमी आहे. भांडण जातीचं दाखवणं सरकारला सोयीचंच होतं. पण मग तोच संशय जमावाच्या संयमाच्या नोंदीवरही घ्या, कारण तीही त्याच कागदांतून येते. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांच्या व्याप्तीलाच 'मिथक' म्हटलं. ती चर्चा महत्त्वाची, पण दंगा लहान होता की मोठा, यावरून तो योग्य की अयोग्य ठरत नाही.

तेव्हा एक काम करा. करड्यातले चौघे घ्या: सावकार, देशमुख, बहिष्कार टाकणारं गाव आणि हुकूमनामा देणारं कोर्ट. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा, उत्तरापुढे पुरावा लिहा. पुरावा नसेल तिथे रकाना कोरा ठेवा. मग 'अन्याय' हा शब्द लिहा.