बोलीचा नियम आणि वाणीचा दोष : वऱ्हाडातील वाचोपचाराच्या कसोट्यांविषयी

वाणीदोषांच्या प्रचलित कसोट्या बहुतांशी इंग्रजी भाषकांच्या अभ्यासातून सिद्ध झालेल्या आहेत. त्या मराठीस, आणि विशेषतः अमरावती-अकोल्याकडील बोलीस, कितपत लागू पडतात हा प्रश्न वैद्यकाचा असला तरी तो भाषाशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात वाचिक अप्रॅक्सिया या एकाच दोषापुरता त्याचा विचार करावयाचा आहे.

शब्द ठाऊक आहे, जीभ व ओठ दुबळे नाहीत. परंतु त्या शब्दासाठी कोणत्या अवयवाने कोणत्या क्रमाने हलावयाचे याची आखणी मेंदूकडून नीट होत नाही, अशी ही अवस्था होय. प्रौढांत ती बहुधा पक्षाघातानंतर उद्भवते व पुष्कळदा वाचाघाताच्या सोबतीने येते. मुलांत ती भाषा शिकण्याच्या वयातच दिसू लागते. हेतुपूर्वक हालचालींच्या अशा दोषाचे विवेचन ह्यूगो लीपमान या जर्मन वैद्याने 1900 मध्ये केले. फ्रेडरिक डार्ली यांनी 1969 मध्ये ती कल्पना वाणीस लावली. मुलांच्या बाबतीत अमेरिकेतील वाक्-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्ये तीन लक्षणे मांडली : एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारताना होणाऱ्या चुकांत सुसंगती नसणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळणे व लांबण लागणे, आणि आघात व सूर यांची विकृती. या मांडणीचे मोल मोठे आहे. परंतु तिन्ही लक्षणे आपल्याकडे सारख्याच योग्यतेची ठरत नाहीत.

वऱ्हाडी बोलीत 'ळ' च्या जागी 'य' येतो : शाळा – शाया, डोळा – डोया, काळा – काया. 'ण' चा 'न' होतो : पाणी – पानी. शब्दारंभीचा 'वि' हा 'इ' होतो : विहीर – इहीर. प्रमाण मराठीची शब्दसूची समोर ठेवून परीक्षा घेतली, तर वऱ्हाडी घरातील निरोगी मुलाच्या नावावरही या चुका जमा होतील. ज्यास खरोखर दोष आहे, त्याच्या दोषाचे प्रमाण वाढून दिसेल आणि त्याचे स्वरूप झाकले जाईल.

या घोटाळ्यातून सुटण्याचा मार्ग पहिल्या लक्षणातच आहे. बोलीतील बदल हा नियम असतो. 'डोया' म्हणणारे मूल दहा वेळा विचारले तरी 'डोया' च म्हणेल, आणि त्याची आईही तसेच म्हणेल. याउलट जे मूल एकदा 'डोया', पुढच्या वेळी 'दोआ' आणि नंतर 'गोया' म्हणते, तेथे बोलीचा संबंध संपला; कारण कोणतीही बोली असे वागत नाही. अर्थात अशी विसंगती इतर काही वाणीदोषांतही आढळते, म्हणून तिच्यावर एकटीवर निदान उभारता येणार नाही. परंतु बोली आणि व्याधी यांची सरमिसळ टाळण्यास ती पुरेशी आहे. त्यासाठी साधने थोडीच लागतात : नेहमीच्या वापरातील दहा शब्द, प्रत्येक शब्द पाच वेळा, आणि तेच शब्द आईच्या अथवा मोठ्या भावंडाच्या तोंडून. मुलाची तुलना पुस्तकाशी न करता त्याच्या घराशी करावयाची.

प्रौढांच्या बाबतीत विसंगतीच्या कसोटीविषयी मतभेद आहेत. तेथे मंदगती आणि ध्वनींची मोडतोड यांवर अधिक भर दिला जातो. पण तेथेही निकष स्पष्ट आहे : बोलीतला 'य' स्वच्छ व सहज उमटतो, दोषातला उच्चार ओढूनताणून येतो. आजारापूर्वी मनुष्य कसा बोलत होता हे घरच्यांना विचारल्यावाचून हा भेद कळणार नाही.

तिसरे लक्षण मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. इंग्रजीत आघाताच्या जागेवरून काही शब्दांचे अर्थ वेगळे होतात. मराठीत तसे होत नाही. आपल्याकडे पाहावयाचा तो वाक्याचा हेल. अक्षरे सुटी सुटी पडून वऱ्हाडी प्रश्नाचा किंवा आर्जवाचा हेल हरवला आहे काय, हा खरा प्रश्न होय.

उपचारातही हीच दृष्टी हवी. 'माझ्याकडे पाहा, ऐक, माझ्यासोबत म्हण' या क्रमाने आधार देत देत तो काढून घेणे आणि थोड्या शब्दांची पुष्कळ आवृत्ती करणे, हे आजच्या पद्धतींचे मर्म आहे. पुरावा अजून तुटपुंजा आहे. मुलांवरील उपचारांच्या 2018 मधील कॉक्रेन समीक्षेत निकषास उतरलेला प्रयोग एकच होता. त्यात 26 मुले होती, आणि आठवड्यास चार याप्रमाणे तीन आठवडे तासातासाच्या बैठका होत्या. धारणी किंवा चिखलदऱ्याहून अमरावतीस इतक्या वेळा येणे कोणत्या कुटुंबास परवडेल? मेळघाटात तर पुष्कळ घरांची भाषा कोरकू असते; तेथे वऱ्हाडी सूचीही परकीच ठरेल. म्हणून जो थोडा वेळ मिळतो, तो 'ळ' घोटविण्यात दवडणे हा अन्याय आहे. 'मले दे', 'पानी', 'माय' हे शब्द आधी यावेत. त्यांची आवृत्ती घरी दिवसभर आपोआप होते.

शाळेत प्रमाण भाषाच लागते, मग ती आधीपासून का शिकवू नये, असा आक्षेप येईल, आणि तो बहुधा पालकांकडूनच येईल. त्यामागील चिंता खोटी नाही. परंतु प्रमाण भाषा ही बोलीवर चढविण्याची दुसरी पायरी आहे. ज्यास अजून पाणी मागता येत नाही, त्याला 'ण' आणि 'न' यांतील भेद शिकविणे म्हणजे पायरीवाचून माडी बांधणे होय.

उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) या कादंबरीने वऱ्हाडी बोलीस साहित्यात मानाची जागा मिळवून दिली. उपचाराच्या खोलीत तिला अशी जागा द्यावयाची, तर आधी एक माहिती हवी : वऱ्हाडी घरांतील निरोगी मुले कोणत्या वयात कोणता ध्वनी कसा उच्चारतात? ती गोळा करणे हे वाचोपचारतज्ज्ञांचे नव्हे, भाषाशास्त्राच्या विभागांचे काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी याहून निकडीचा विषय शोधावा लागू नये.