जॉनीचे वाचन आणि आमचा बंडू

रुडॉल्फ फ्लेश यांच्या ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ या पुस्तकाने १९५५ साली अमेरिकेत मोठी खळबळ उडवून दिली. अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करवू नका, अक्षरांचे ध्वनी शिकवा, हा त्यांचा आग्रह. मराठी वाचकाला यात नवल ते काय वाटणार? आपला ‘क’ स्वतःचा उच्चारच नाव म्हणून मिरवतो. इंग्रजीत मात्र सी, ए, टी असे कितीही घोकले तरी ‘कॅट’ होत नाही. क्, ॲ, ट् जुळवले की होते. २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार असलेल्या भाषेत ही वाट सोयीची खरी.

परंतु फ्लेश यांचा जॉनी इंग्रजी बोलतच शाळेत येतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीतच इंग्रजी आले. माझ्या वर्गातला बंडू ‘हेन’ खडखडीत वाचतो; पण परसातली कोंबडी त्याला त्या शब्दात दिसत नाही, आणि आपण त्याला हुशार म्हणून मोकळे होतो! या मुलाचा विचार पुस्तकात नाही, हे त्याचे मोठे उणेपण. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र ध्वनी शिकवण्याआधी फळ्यावर कोंबडी काढावी.