सुकलेलें भूछत्र आणि पॉटरबाईंचीं चित्रें

इंग्लंडांत पावसाविना गेलेला ऑगस्ट म्हणजे भूछत्रें शोधणाराची कसोटीच. ओढ्याकांठच्या शेवाळांत एखादें दुर्मिळ, अर्धवट सुकलेलें छत्र हातीं लागलें, तरी बहुतेक सचित्र ग्रंथ तेथें मुके होतात. त्यांतलें छत्र सदैव ऐन भरांत असावयाचें! सशाच्या गोष्टींमुळें घरोघर ठाऊक झालेल्या बिअॅट्रिक्स पॉटरबाईंचीं भूछत्रचित्रें आम्हांस मोलाचीं वाटतात तीं यासाठींच. कळी, उमललेली टोपी, उभा छेद, अशीं एकाच जातीचीं अनेक रूपें त्या शेजारीं शेजारीं मांडतात. १८९७ सालीं लिनियन सोसायटीपुढें बाईंचा निबंध ठेवला गेला. स्त्रियांस मात्र सभेंत प्रवेश नव्हता. त्यांच्या ५९ चित्रांना फिंडले यांच्या ग्रंथांत जागा मिळाली ती १९६७ सालीं, बाईंच्या मृत्यूनंतर २४ वर्षांनीं.

उणीव म्हणावी तर एकच. लॅक्टेरियस हेल्व्हस नांवाचें छत्र सुकलें कीं त्यास मेथीचा वास सुटतो. तो कागदावर कोठून उतरणार?