तोळाभर शिसे

मी आयुष्यात एकदाच बंदूक चालवली. म्हसा यात्रेत, फुगे लावलेल्या फळीवर. पाच छर्ऱ्यांत एकही फुगा फुटला नाही. शेवटी दुकानदारालाच माझी दया आली. त्याने एक फुगा टाचणीने फोडला आणि माझ्या मुलाला टाळ्या वाजवायला लावल्या. तेव्हापासून नेमबाजीच्या विषयात घरात माझा शब्द चालत नाही.

तरीसुद्धा कोणत्या जनावराला कोणती रायफल आणि कोणते काडतूस, हे सांगणारी पुस्तके मी फार आवडीने वाचत आलो आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलेला माणूस दिवाळी अंकातल्या पाककृती वाचतो ना, तसेच हे. मी राहायला शहापूरला, नोकरी मुंबईला. तीस वर्षे आसनगावहून गाडी पकडली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके मिळत, आणि परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की कल्याण येईपर्यंत मी दोन कोल्हे आणि एक हत्ती सहज लोळवीत असे. तेव्हा या वाङ्मयावर चार शब्द टीका करण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. कादंबरी न लिहिता कादंबरीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बंदूक न उडवता बंदुकीवर लिहिणारा एखादा असायला काय हरकत आहे?

या वाङ्मयात गाण्यासारखी दोन घराणी आहेत. एक हलक्या, वेगवान गोळीचे आणि दुसरे जड, संथ गोळीचे. अमेरिकेत पहिल्या घराण्याचे बुवा म्हणजे जॅक ओ'कॉनर. हे गृहस्थ आधी पत्रकारितेचे प्राध्यापक होते. मग 'आउटडोअर लाइफ' मासिकातून जन्मभर पॉइंट 270 विंचेस्टरचे गुण गात राहिले. दुसऱ्या घराण्याचे एल्मर कीथ. गोळी जेवढी जाड तेवढी बरी, हे त्यांचे मत. दोघांचा वाद वर्षानुवर्षे रंगला. गावसकर मोठा की विश्वनाथ, यावरून आमच्या डब्यात जे होई तेच. फक्त यांच्याकडे खऱ्या बंदुका होत्या. तिकडे आफ्रिकेत जॉन टेलर यांनी गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून जनावराला बसणारा दणका आकड्यांत मांडला आणि 1948 साली 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' हा ग्रंथ काढला. पण त्याच्या कितीतरी आधी बेल नावाच्या शिकाऱ्याने हत्तीच्या मानाने किरकोळ अशा 7 मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती पाडले होते. कारण एवढेच, की हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कुठे असतो ते त्याला ठाऊक होते.

शेताची नासाडी करणाऱ्या जनावरांना अमेरिकन शेतकरी 'व्हार्मिंट' म्हणतो. 'व्हर्मिन'चा हा खेडवळ अपभ्रंश. त्यांच्यासाठी पुस्तकात स्वतंत्र अध्याय असतो. बिळात राहणारा वुडचक आणि आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊ शोभेल असा कोयोट, हे त्यातले खलनायक. त्यांच्यासाठी 1935 साली पॉइंट 220 स्विफ्ट निघाले. त्याची गोळी सेकंदाला 4,000 फुटांहून अधिक वेगाने सुटते. कोयोटही पडावा आणि हरीणही पडावे, म्हणून 1955 साली पॉइंट 243 आले. गोळीचे वजन मोजायचे ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपला इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर 180 ग्रेनचा, आणि पॉइंट 30-06 रायफलीची एक नेहमीची गोळीही 180 ग्रेनची. म्हणजे अगदी तोळाभर शिसे! हा शोध मी उत्साहाने बायकोला सांगितला. तिने त्यातला 'तोळा' एवढाच शब्द ऐकला आणि पुढची दहा मिनिटे मला जड गेली.

इथवर स्तुती झाली. आता टीका. ती मला सुचली नाही. माझ्या मेहुण्याला सुचली.

माझी सासुरवाडी मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी आश्विनात गेलो तेव्हा भात लोंब्यांनी वाकले होते आणि रोज रात्री रानडुकरे येत होती. डुक्कर भात खाते थोडे, लोळून तुडवते फार. मेहुणा शेतातल्या माळ्यावर राखणीला बसे. मीही हौसेने चढलो. त्याची शस्त्रसामग्री अशी: एक बॅटरी, एक गोफण, एक पत्र्याचा डबा आणि दिवाळीआधीच आणलेले सुतळी बॉम्ब. मी त्याला हलकी गोळी आणि जड गोळी यांचे शास्त्र समजावून सांगितले. त्याने विडी पेटवली, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दाजी, ही गोळी डुकराला लागली नाय, तं जाते कुठं?"

मी गप्प बसलो. समोर काळोख होता. पुस्तकातले जनावर तीनशे यार्डांवर लख्ख उन्हात उभे असते. इथे नुसती खसफस ऐकू येत होती. साध्या पॉइंट 22 च्या काडतुसांच्या डबीवरसुद्धा गोळी दीड मैल जाऊ शकते, असा इशारा छापलेला असतो. माळ्यापासून दीड मैलात दोन वाड्या, एक शाळा आणि एस.टी.चा थांबा येत होता.

शिवाय निवड करायला आहे काय? आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याने पीकराखणीसाठी नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. म्हणजे नळीत दारू ठासा, छर्रे ठासा, बार काढा, आणि पुन्हा ठासेपर्यंत डुकराला वाट पाहायची विनंती करा. रायफलीच्या परवान्याला वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. बरे, बंदुकीचा परवाना असला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असे नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली त्याची परवानगी निराळी. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीतला, त्याच्या वाट्याला जायचेच नाही. माळशेज घाटाच्या वर, जुन्नरकडे, 2001 ते 2003 या काळात पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. हल्ले कमी व्हायचे ते वाढलेच, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अभ्यासात आढळले. मेहुण्याचे म्हणणे तर, "वाघ हाय म्हणून डुकराची पिलं तरी कमी होतात." पुस्तकात उपद्रवी जनावर आणि शिकारी जनावर शेजारी शेजारी बसवून दोघांना एकच काडतूस वाटतात, शेतात एक जण दुसऱ्याची राखण करत असतो.

आता वाचकांना वाटेल, की मी ही पुस्तके रद्दीत घातली. घालणारही होतो. पण सकाळी माळ्यावरून उतरलो आणि मेहुण्याच्या पडवीत खाटेखाली तारेचे नवे भेंडोळे दिसले. "हे कशाला?" असे विचारले. तो जरा वेळाने म्हणाला, "बांधावरून लावायची. रात्री आकडा टाकायचा." पलीकडच्या वाडीत एकाने लावली होती. डुक्कर मेले नाही, त्याचाच बैल गेला. काही जण पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. डुकराचा जबडा फुटतो आणि ते दोन-दोन दिवस रानात तडफडते. कधी तो गोळा गाईच्या तोंडात जातो. फासकी लावली तर तिच्यात बिबट्या अडकतो.

तेव्हा मला पुस्तकातला एक परिच्छेद आठवला. त्यात आकडे नसल्यामुळे मी तो नेहमी ओलांडून जात असे. हलक्या गोळीचे कवच मुद्दाम पातळ करतात, म्हणजे ती जमिनीला लागताच तिचे तुकडे होतात आणि ती उसळून शेजाऱ्याच्या गुरांकडे जात नाही. आणि तीच गोळी मोठ्या जनावरावर वापरू नये. ते जखमी होऊन कुढत मरते. ओ'कॉनर आणि कीथ एवढे भांडले ते शेवटी याचसाठी, की जनावर चटकन मरावे. एवढ्या सगळ्या आकडेमोडीच्या बुडाशी दोनच प्रश्न आहेत: जनावर लगेच मरेल का, आणि नेम चुकला तर कोण मरेल? तार हे दोन्ही प्रश्न विचारत नाही. तिच्यासमोर जो येईल तो.

आणि या वाङ्मयातला सर्वांत मोठा लेखक बंदुकीवर सर्वांत कमी बोलतो. जिम कॉर्बेटने 1907 साली 436 बळी घेतलेली चंपावतची वाघीण मारली. तो बरोबर तीनच काडतुसे घेऊन गेला होता. ती संपल्यावर शेवटचा बार त्याने काढला तहसीलदाराच्या मोडकळीला आलेल्या बंदुकीतून, आणि नेम तोंडावर धरला होता तो लागला पंजाला. तहसीलदाराकडून हवी ती वस्तू ताबडतोब मिळाल्याचे माझ्या वाचनातले हे एकमेव उदाहरण.

हे सारे मी मेहुण्याला सांगितले. त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मी शहापूरला परतलो आणि त्याला एक मोठी, चार्जिंगची बॅटरी घेऊन दिली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तार अंगणात दोन खांबांमध्ये ताणलेली होती आणि तिच्यावर वहिनींनी गोधड्या वाळत घातल्या होत्या. डुकरे मात्र त्या वर्षीही आली. पाच-सहा गुंठे भात गेले. अर्ज केला, सातबारा जोडला, पंचनामा झाला.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकात जागरणावर काय औषध लिवलंय का?"

तो अध्याय अजून कोणी लिहिलेला नाही.